नेम लागत नसलेल्या अक्काला खेळात परत कसं आणायचं?

पत्र :

‘ताई, आम्ही पाच मामे-मावस भावंडं. लहानपणी दर मे महिन्यात आजोळी, सिन्नरला, एकत्र असायचो. आता मामेभाऊ (आमचा दादा) पुण्यात आहे, मावसबहीण अक्का कोल्हापुरात बँकेत आहे, तिचा भाऊ डब्लिनला आणि मी व माझा १४ वर्षांचा धाकटा भाऊ नाशिकला. रविवारी रात्री आम्ही सगळे मिळून व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळायचो. दादा फार चांगला खेळतो. अक्काचा नेम लागत नाही, ती राउंड सुरू होताच मरते आणि मग नुसती बघत बसते. दादा चिडतो, ओरडतो. आता अक्का येईनाशी झाली आहे. “तुम्ही खेळा, मला काम आहे,” म्हणते. डब्लिनच्या भावाला लॅग येतो, म्हणजे त्याचा खेळ उशिराने चालतो, माझा लॅपटॉप जुना आहे. मी टीम फोर्ट्रेस टू हा दुसरा खेळ सुचवला, तर दादा म्हणाला, “तो मेलेला गेम आहे, त्यात नुसती कार्टून आहेत.” खेळ बदलून काही फरक पडेल, की प्रश्न आमचाच आहे?’
– र., नाशिक

उत्तर :

प्रिय र.,

प्रश्न थोडा तुमचा आहे आणि बराचसा खेळाचा आहे. खेळाचा भाग लवकर सुटेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तू सुचवलेला खेळ मी बरीच वर्षं खेळते आहे, बहुतेक वेळ मेडिक, म्हणजे टीममधल्या जखमींना बरं करणारा, म्हणून. तुझी निवड मला अगदी योग्य वाटते.

व्हॅलोरंट चांगला खेळ आहे, पण तुमच्या घरासाठी नाही. त्यात पाच विरुद्ध पाच खेळतात आणि राउंडमध्ये एकदा मेलं की पुढचा राउंड सुरू होईपर्यंत बाहेर बसायचं. या नियमामुळेच त्याला थरार येतो. सारख्या तयारीच्या पाच जणांना त्यात मजा आहे. पण तुमच्यात एक जण रोज खेळणारा आणि एक जण फक्त रविवारी. अशा वेळी सगळ्यात कच्चा खेळाडू सगळ्यात जास्त वेळ रिकामा राहतो. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सराव सर्वांत कमी येतो. त्यात भर म्हणजे अक्का कमी पडली की तुमची टीम लगेच पाचाची चार होते, आणि दादाच्या चिडण्याला निमित्त मिळतं.

टीम फोर्ट्रेस टूमध्ये मेलेला माणूस थोड्याच वेळात पुन्हा मैदानात येतो. मधल्या वेळात पडद्यावर मारणाऱ्याचं स्थिरचित्र दिसतं. तो कोण होता आणि कुठे उभा होता हे कळतं, म्हणजे पुढच्या खेपेला तो कोपरा सांभाळून ओलांडता येतो. कधी कधी त्याच पडद्यावर खेळ सांगतो की या वेळी तू आजवरच्यापेक्षा जास्त हील केलंस (जखमींना बरं केलंस), किंवा तू तुझ्या विक्रमाच्या अगदी जवळ पोहोचली होतीस. मेलेल्या माणसाशी इतकं आपुलकीने बोलणारे शूटर, म्हणजे गोळीबाराचे खेळ, फार कमी आहेत.

आता दादाच्या ‘कार्टून’बद्दल. या खेळाचं मूळ १९९६ सालचं. रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी क्वेक या खेळात फेरफार करून पहिला टीम फोर्ट्रेस बनवला. नंतर वॉल्व्ह कंपनीने त्यांच्यातल्या वॉकर आणि कुक यांना आपल्याकडे घेतलं. दुसरा भाग १९९९ मध्ये लोकांना दाखवला गेला तेव्हा तो खऱ्याखुऱ्या लष्करी थाटाचा होता. प्रत्यक्षात तो आला ऑक्टोबर २००७ मध्ये, आणि तोवर त्याचा चेहरामोहरा पार बदलला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन चित्रकार, विशेषतः जे. सी. लायेनडेकर, डोळ्यांसमोर ठेवून त्यातली पात्रं रेखाटली गेली. त्यामागे स्वच्छ विचार आहे. खेळात नऊ पात्रं, म्हणजे नऊ क्लास आहेत, आणि प्रत्येकाची नुसती बाह्याकृती बघून तो कोण हे ओळखू यावं अशी आखणी केली आहे. लांबून येणारा रुंद देह हेवीचा, काटकुळा आणि सुसाट पळणारा तो स्काउट. रंगही असे वापरले आहेत की नजर पायांकडून छातीकडे, म्हणजे हातातल्या शस्त्राकडे जाते. लाल टीमची जागा उबदार रंगांची, निळ्या टीमची थंड रंगांची, त्यामुळे आपण कुणाच्या हद्दीत आहोत हेही न सांगता कळतं. दादाला जे पोरकट वाटतं, त्याच्यामुळेच अक्कासारख्या नवख्या माणसाला समोर काय चाललंय ते चटकन समजतं. खऱ्यासारखे दिसणारे कितीतरी शूटर असे आहेत जिथे मातकट भिंतीपुढचा मातकट माणूस दिसेपर्यंत आपण मेलेलो असतो.

पण तुझ्या पत्राचं खरं उत्तर मेडिकमध्ये आहे.

मेडिकच्या हातात एक यंत्र असतं. आपल्या माणसावर रोखून बटण दाबलं की त्यातून निघणारा किरण त्याला धरून ठेवतो. तो माणूस पळाला, वळला, उडी मारली, तरी टप्प्यात असेपर्यंत किरण सुटत नाही. नेमाचा इथे जवळजवळ संबंध नाही. जखमी माणूस बरा होतोच, वर त्याची हेल्थ, म्हणजे मार झेलायची ताकद, नेहमीच्या दीडपटीपर्यंत जाते. ३०० हेल्थचा हेवी ४५०पर्यंत जातो. हे करताना मेडिकचा एक मीटर भरत जातो. जखमी माणसांवर काम केलं तर तो ४० सेकंदांत पूर्ण भरतो, ठणठणीत माणसामागे नुसतं उभं राहिलं तर जास्त वेळ लागतो. मीटर भरला की मेडिक उबर सोडू शकतो, म्हणजे तो स्वतः आणि त्याचा जोडीदार आठ सेकंद शत्रूच्या गोळ्या-बॉम्बने मरत नाहीत. पक्की नाकेबंदीही या आठ सेकंदांत फुटू शकते. पण उबर सोडण्याआधी मेडिक मेला, तर जमवलेलं सगळं गेलं.

आता याचा अर्थ बघ. मेडिकला कळावं लागतं की कोण जास्त जखमी आहे, कुणाला आधी वाचवायचं, समोरच्या मेडिकचा मीटर आपल्या आधी भरला असेल का, कुठल्या दारातून आत घुसायचं आणि कधी माघार घ्यायची. हे सगळं निर्णयाचं काम आहे. सहा-सहा जणांच्या स्पर्धात्मक सामन्यांत प्रत्येक टीमला एकच मेडिक ठेवता येतो, आणि तो पडला की समोरची टीम ती संधी साधून तुटून पडते. कबड्डीत टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात, पण कोपरा सांभाळणारा गडी ढिला पडला तर सामना हातचा जातो हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. मेडिकचं स्थान तसं आहे. खेळ त्याची मोजदादही नीट ठेवतो. हीलिंगचे गुण मिळतात, जोडीदाराने कुणाला टिपलं तर त्यात मेडिकचं नावही झळकतं.

तुमच्या भांडणावरचा उपायही इथेच आहे. उबर कधी सोडायचा हे मेडिकनेच ठरवायचं असतं, कारण सोडायचं बटण त्याच्याच हातात असतं. म्हणजे दादा कितीही तरबेज असला तरी अक्का ‘चल’ म्हणेपर्यंत त्याने थांबायचं, आणि ‘चल’ म्हणाली की आत घुसायचं. घरात नियम करून ओरडणं थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. पण ज्याच्यावर ओरडतोय त्याच्याच हातात आपला जीव आहे हे कळलं की आवाज आपोआप खाली येतो. दादाला सोल्जर (रॉकेट मारणारा) किंवा हेवी घेऊ दे आणि अक्काला त्याच्या पाठीशी राहू दे. त्याचं कौशल्य तिच्यामुळे दुप्पट उपयोगी पडतं, हे त्याला पहिल्याच दिवशी दिसेल.

मात्र एक गोष्ट मनापासून सांगते. अक्का बाई आहे आणि तिचा नेम कच्चा आहे, म्हणून मेडिकचं काम कायमचं तिच्या गळ्यात टाकू नका. बऱ्याच टीममध्ये हे सर्रास होतं आणि मला ते मुळीच पटत नाही. तिला आधी विचारा. तिला बांधकामाची, आखणीची आवड असेल तर इंजिनिअर आहे. इंजिनिअर सेंट्री नावाची तोफ उभी करतो आणि ती स्वतःच शत्रू शोधून गोळ्या झाडते. शेजारी डिस्पेन्सर लावला की आपल्या माणसांना औषध आणि दारूगोळा मिळतो, आणि टेलिपोर्टरमुळे मेलेली माणसं लांबचं अंतर न चालता थेट आघाडीवर येतात. हे सगळं मेटलवर, म्हणजे खेळातल्या बांधकामाच्या साहित्यावर, चालतं. जवळ एका वेळी २०० मेटल बाळगता येतं. सेंट्रीला १३० लागतं, म्हणून आधी काय उभारायचं याचा हिशेब करावा लागतो. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे जमेल असं मला वाटतं. नाहीतर डेमोमन आहे. दाराच्या चौकटीला चिकटबॉम्ब लावून ठेवायचे आणि कुणी आलं की बटण दाबायचं. इथे नेमापेक्षा कोण कुठून येईल याचा अंदाज जास्त लागतो.

खेळाचे काही प्रकारही याच विचाराने बनवले आहेत. पेलोड बघ. निळ्या टीमने बॉम्ब ठेवलेली गाडी रुळावरून शत्रूच्या गोटात न्यायची असते. गाडी पुढे सरकते ती कुणाला मारल्याने नाही, तर जवळ आपलं माणूस उभं असल्याने. तीन जण असले तर ती जास्तीत जास्त वेगाने जाते. स्काउट एकटा दोघांच्या बरोबरीचा धरला जातो. बराच वेळ जवळ कुणीच नसलं तर गाडी मागे घरंगळायला लागते. म्हणजे एखाद्याने वीस जणांना टिपलं पण गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर तो सामना हरू शकतो. आणि जो इमानाने गाडीला चिकटून राहिला, त्याने खरोखर सामना जिंकून दिलेला असतो. मला या खेळाचं सगळ्यात जास्त कौतुक या गोष्टीचं आहे. टीमवर्कचे गोडवे गाणारे खेळ पुष्कळ आहेत, इथे ते नियमातच बसवलं आहे.

डब्लिनच्या भावाचा लॅग पूर्ण जाणार नाही. तो अंतराचा प्रश्न आहे. पण कुठला क्लास घेतला तर लॅग कमी जाचेल हे सांगता येतं. रॉकेट आणि बॉम्ब सोडणाऱ्या क्लासना उशीर फार जाणवतो, कारण बटण दाबल्यापासून रॉकेट निघेपर्यंतच वेळ जातो. पाठीत सुरा खुपसणाऱ्या स्पायचंही लॅगमध्ये काही खरं नाही. सेंट्री मात्र सर्व्हरवरच चालते, तिला त्याच्या इंटरनेटच्या उशिराशी देणंघेणं नाही. म्हणून त्याला इंजिनिअर करा. अक्कालाही इंजिनिअरच हवा असेल तर दोघांनी घ्या, चालतं. बहीण-भावाच्या दोन सेंट्री एकमेकींना राखत असल्या तर तिथून कुणी सहज जाऊ शकत नाही.

तुझ्या लॅपटॉपचं फार मनावर घेऊ नकोस. २००७चा खेळ आहे. गेल्या काही वर्षांत पात्रांच्या टोप्या आणि सजावट वाढल्याने तो थोडा जड झाला आहे, पण सेटिंग्ज खाली आणल्यास वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावरही खेळण्याजोगा चालतो. डाउनलोड मोठं आहे, शनिवारी रात्री लावून झोप.

खेळ मेलेला आहे, हे दादाचं म्हणणं खरं नाही, पण ते कुठून आलं ते मला माहीत आहे. मध्ये बरीच वर्षं कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर आपोआप नेम धरणाऱ्या बॉट्सनी, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खोट्या खेळाडूंनी, उच्छाद मांडला होता. खेळाडूंनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मोठी मोहीम चालवली. २०२४च्या उन्हाळ्यात वॉल्व्हने मोठ्या संख्येने बॉट्सना हाकललं आणि परिस्थिती बरीच सुधारली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने खेळाचा मूळ कोडही लोकांना फेरफार करण्यासाठी खुला केला. ज्या खेळावर इतकी माणसं इतका जीव लावतात, तो मेलेला नसतो.

उणिवाही सांगते. खेळातली शिकवणी अपुरी आहे. सोल्जर, डेमोमन, स्पाय आणि इंजिनिअर यांचं थोडंफार शिकवतात, मेडिकचं नाहीच. साध्या सामन्यांत गोळी अधूनमधून अचानक तिप्पट जोराने लागते. काहींना त्याची मजा वाटते, मला ते कधीच आवडलं नाही. फुकट खात्यांना अनोळखी लोकांबरोबरच्या सामन्यांत बोलण्यावर मर्यादा आहेत. तुम्ही आपसांत कॉलवर बोलणार असाल, म्हणून तुमचं अडणार नाही.

धाकट्या भावाचा विषय मात्र वेगळा घ्यायला हवा. कार्टूनसारखं दिसतं म्हणून हा खेळ लहान मुलांसाठी आहे असं समजू नका. त्यात रक्त आहे, शरीराचे तुकडे उडतात, आणि अमेरिकेत त्याचं वर्गीकरण १७ वर्षं आणि त्याहून मोठ्यांसाठी आहे. तो १४ वर्षांचा आहे. खेळू द्यायचं की नाही हे आई-बाबांना ठरवू दे. त्यांना पाच मिनिटं शेजारी बसवून प्रत्यक्ष खेळ दाखव, लपवून काही सुरू करू नकोस. त्यांनी होकार दिला तर अनोळखी लोकांचा आवाज आणि लेखी चॅट दोन्ही बंद करून टाक, आणि सर्वांसाठी खुल्या सामन्यांत त्याला एकट्याने जाऊ देऊ नकोस.

सुरुवात कुठून करायची? माझं मत ऐकशील तर पहिले काही रविवार माणसांशी लढूच नका. २०१२ मध्ये आलेला ‘मॅन व्हर्सेस मशिन’ हा प्रकार घ्या. त्यात सहा खेळाडू एका बाजूला आणि यंत्रमानवांच्या लाटा दुसऱ्या बाजूला. तुम्ही पाच आहात, सहावी जागा कुणी बाहेरचा भरेल. यंत्रमानव फुटले की पैसे सांडतात. ते कुणीही उचलले तरी सगळ्यांच्या खात्यात सारखेच जमा होतात, आणि दोन लाटांच्या मधे त्यातून शस्त्रं सुधारता येतात. धाकट्याला खेळायची परवानगी मिळालीच तर त्याला स्काउट करा. स्काउट लांबूनच पैसे ओढून घेतो आणि ते गोळा करताना त्याची हेल्थही वाढते, म्हणजे पळत राहणं हेच त्याचं काम. तू पायरो घे. पायरोच्या ज्वाळेने वेष बदलून आलेले स्पाय उघडे पडतात, आणि हवेच्या झोताने आलेलं रॉकेट परत पाठवता येतं. हा झोत जमायला वेळ लागतो, पण एकदा जमला की सोडवत नाही. लाट हरली तर तीच लाट पुन्हा खेळायला मिळते, हेही शिकणाऱ्यांच्या सोयीचं आहे. यातला ‘बूट कॅम्प’ हा भाग फुकट आहे. ज्याला विकतचं तिकीट लागतं तो भाग सध्या बाजूला ठेवा.

पैशाचं एवढंच सांगते की खेळ जून २०११ पासून फुकट आहे आणि सुरुवातीला मिळणारी शस्त्रं उत्तम आहेत. साधा रॉकेट लाँचर आणि साधी मेडिगन (मेडिकचं यंत्र) स्पर्धांमध्येही वापरली जाते. दुकानातल्या टोप्या दिसायला छान आहेत, पण त्यांनी खेळ सुधारत नाही. बंद पेट्या उघडायच्या किल्ल्या तर धाकट्याला अजिबात विकत घेऊ देऊ नका. आत काय निघेल ते नशिबावर असतं, आणि ती सवय वाईट.

वेळ रात्री साडेनऊची ठेवा. तेव्हा डब्लिनला हिवाळ्यात दुपारचे चार आणि उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात, म्हणजे त्याचाही रविवार मोडत नाही. अकराला थांबा. अक्काला सोमवारी बँक आहे.

आता तुमच्याकडचा भाग. अक्काचं ‘मला काम आहे’ हे काम नाही, हे तुलाही ठाऊक आहे म्हणून तू पत्र लिहिलंस. सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा कमी ठरणं तिला नको झालं आहे. ग्रुपवर ‘ये ना गं’ असे निरोप टाकून ती येणार नाही. तिला फोन करायला हवा, आणि तो तू नाही, दादाने करावा. ओरडलो ते चुकलं असं त्याने सरळ म्हणावं, आणि मग नव्या खेळात मला मेडिकशिवाय जमणार नाही, पहिल्या दिवशी तू होशील का, असं विचारावं. ती नाही म्हणाली तर त्या रविवारी मेडिक दादाने व्हावं आणि अक्काला जो क्लास आवडेल तो घेऊ द्यावा.

– तुझी ताई